शब्दांनाही माप लागते



कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणारा रस्ता आणि पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता जुन्नर तालुक्यात एकमेकांना छेदतात. त्या ठिकाणाचे नाव आळेफाटा. ‘फाटा’ म्हणजे मूळ रस्त्यापासून फुटलेला रस्ता. पण याच शब्दाने आपण आणखीही कामे करून घेतो. लग्नातल्या अनावश्यक खर्चाला आपण ‘फाटा देतो’, आणि एखाद्या सरळ गोष्टीला कोणी ‘फाटे फोडू’ लागला तर त्याच्यावर चिडतो. शब्द एक, कामे तीन. तरीही बोलताना आपली कधी गफलत होत नाही, कारण कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचे-मागचे शब्द सांगतात.

विज्ञानात मात्र ही सवलत नाही. तेथे एका शब्दाने एकच काम करायचे असते. गंमत अशी की विज्ञानाने आपले पुष्कळसे शब्द रोजच्या बोलण्यातूनच उचलले आहेत. वजन, वेग, शक्ती, कार्य, उष्णता हे शब्द आपण शाळेत जाण्यापूर्वीच शिकलेलो असतो. शाळेत गेल्यावर तेच शब्द नव्या, काटेकोर अर्थाने समोर येतात आणि आपला गोंधळ उडतो. हा गोंधळ कसा सोडवायचा, ते या लेखात पाहू.

एक आगळा छंद

कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी पक्ष्यांची पिसे. आळेफाट्याला राहणारी, नववीत शिकणारी एक मुलगी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तिला छंद आहे शब्द जमवण्याचा. तिच्याजवळ एक वही आहे. वहीच्या प्रत्येक पानावर तिने चार रकाने आखले आहेत. पहिल्या रकान्यात दिवसभरात कानावर पडलेले एखादे वाक्य. दुसऱ्यात त्यातल्या एका शब्दाचा घरातला अर्थ. तिसऱ्यात त्याच शब्दाचा पुस्तकातला अर्थ. चौथ्या रकान्यात एकच प्रश्न: ‘हे मोजायचे कसे?’

पहिले तीन रकाने भाषेचे आहेत. चौथा भौतिकशास्त्राचा आहे, आणि सगळी खुबी त्यातच आहे. तिच्या वहीतली काही पाने आपण उलटून पाहू.

पान पहिले : “दार लोट, गारठा आत येतोय”

डिसेंबरातल्या पहाटे आजी असे म्हणते. आजीचे म्हणणे व्यवहाराला अगदी योग्य आहे. दार लावले की बरे वाटते. पण चौथा रकाना विचारतो, ‘गारठा’ मोजायचा कसा? गारठा मोजण्याचे एकक कोठेच सापडत नाही. मोजता येते ते तापमान, आणि मोजता येते ती उष्णता. गारठा नावाची कोणतीही वस्तू आत येत नसते. बाहेरची थंड हवा आत शिरते, आणि आपल्या अंगातली उष्णता त्या हवेकडे अधिक झपाट्याने जाऊ लागते.

याच पानावर दुसरे वाक्य आहे: ‘घोंगडी ऊब देते.’ घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करत असेल, तर बर्फाचा खडा घोंगडीत गुंडाळल्यावर लवकर वितळायला हवा. करून पाहा. सारख्या आकाराचे दोन खडे घ्या, एक उघडा ठेवा आणि दुसरा कोरड्या घोंगडीत गुंडाळा. घोंगडीतला खडा जास्त वेळ टिकेल. घोंगडी उष्णतेची वाट अडवते. माणूस पांघरतो तेव्हा आतली उष्णता बाहेर जात नाही. बर्फ गुंडाळतो तेव्हा बाहेरची आत येत नाही.

आता ‘तापमान’ आणि ‘उष्णता’ या जोडीकडे वळू. एका पेल्यात १०० ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसपासून ९५ अंशांपर्यंत तापवले. एका बादलीत १५ किलोग्रॅम पाणी २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवले. अधिक ‘गरम’ कोणते? अर्थात पेल्यातले. पण सरपण कोठे जास्त लागले? एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून पेल्याला लागली ०.१ × ७५ × ४.२, म्हणजे सुमारे ३१.५ किलोज्यूल. बादलीला लागली १५ × २० × ४.२, म्हणजे १२६० किलोज्यूल. चाळीसपट! ‘गरम’ या एकाच शब्दात या दोन वेगळ्या राशी दडून बसल्या होत्या.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अशा शब्दांशी झगडावे लागले आहे. फ्रान्सच्या लव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी दिली. तिच्यात त्याने ‘कॅलॉरिक’ या नावाने उष्णतेलाही स्थान दिले होते. उष्णता हा एक सूक्ष्म प्रवाही पदार्थ आहे, असा तेव्हाचा समज होता. १७९८ साली रम्फर्डने तोफेच्या नळ्या कोरताना घर्षणातून हवी तितकी उष्णता निघते हे दाखवले. १८४० नंतरच्या दशकात जूलने मोजमापे करून, उष्णता ही ऊर्जाच आहे ही गोष्ट पक्की केली. पण भाषा हट्टी असते. ‘उष्णता वाहते’ असे आपण आजही म्हणतो.

पान दुसरे : “गोणीचे वजन पन्नास किलो”

आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांचे माप होते. पन्नास किलोग्रॅम हे खरे म्हणजे गोणीचे वस्तुमान, तिच्यातले एकूण द्रव्य. वजन म्हणजे पृथ्वी त्या गोणीला ज्या बलाने खाली ओढते ते बल. बल न्यूटनमध्ये मोजतात. ५० किलोग्रॅमच्या गोणीचे वजन ५० × ९.८, म्हणजे ४९० न्यूटन.

‘हा शब्दच्छल कशाला?’ असे तुम्ही म्हणाल. तर असे समजा की तीच गोणी चंद्रावर नेली. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. स्प्रिंगचा काटा तेथे आठ किलोच्या आसपास दाखवील. मात्र जुन्या पद्धतीचा दोन पारड्यांचा तराजू आणि लोखंडी मापे नेली, तर मापे पन्नास किलोचीच लागतील. कारण मापांचे वजनही त्याच प्रमाणात घटलेले असते. म्हणजे तराजू वस्तुमानांची तुलना करतो आणि स्प्रिंगचा काटा बल मोजतो.

चंद्र दूर राहिला, तर पृथ्वीवरचेच उदाहरण घ्या. ध्रुवावरचे गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त आहे. ध्रुवावर बरोबर जुळवलेला स्प्रिंगचा काटा विषुववृत्तावर आणला, तर पन्नास किलोच्या गोणीमागे पाव किलोच्या आसपास कमी दाखवील. म्हणूनच बलावर चालणारे अचूक काटे, जेथे वापरायचे तेथल्या गुरुत्वाकर्षणाला जुळवून घ्यावे लागतात.

आता एक प्रश्न. चाळीत साठवलेला कांदा काही महिन्यांनी ‘वजनात घटतो’. कमी झाले ते वजन की वस्तुमान? कांद्यातले पाणी हवेत निघून गेले, म्हणजे द्रव्यच कमी झाले. म्हणून दोन्ही कमी झाले. येथे शेतकऱ्याचा शब्द आणि शास्त्रज्ञाचा शब्द एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

पान तिसरे : “दोन्ही गाड्या एकाच वेगाने गेल्या”

आळेफाट्याहून एक एस.टी. नाशिककडे निघाली आणि दुसरी पुण्याकडे. दोघींचा काटा ताशी ४० किलोमीटर दाखवतो. त्यांचा वेग सारखा आहे का? नाही. चाल सारखी आहे. वेग वेगळा आहे. वेगात दिशाही मोजली जाते. रस्ते सरळ आहेत असे मानले, तर तासाभराने या दोन गाड्यांमध्ये ८० किलोमीटर अंतर पडेल. दुसरी गाडी पुण्याऐवजी काटकोनात कल्याणच्या दिशेने गेली असती, तर अंतर सुमारे ५७ किलोमीटर पडले असते. पायथागोरसच्या प्रमेयाने पडताळून पाहा. चाल तीच असूनही उत्तर बदलले, कारण दिशा बदलली.

याचे महत्त्व माळशेज घाटात कळते. बस वळणावर आहे आणि काटा ३० वर स्थिर आहे. प्रवासी म्हणतो, ‘गाडी एकाच वेगाने वळली.’ तसे होणे शक्यच नाही. वळली म्हणजे दिशा बदलली, दिशा बदलली म्हणजे वेग बदलला, आणि वेग बदलला म्हणजे त्वरण आले. त्वरणाला बल लागते. रस्ता सपाट धरला, तर ते बल टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण पुरवते.

वळणाची त्रिज्या २५ मीटर धरू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. त्वरण = (चाल × चाल) ÷ त्रिज्या, म्हणजे सुमारे २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता चाल दुप्पट करा. त्वरण दुप्पट न होता चौपट होते: सुमारे ११. हे गुरुत्वीय त्वरणापेक्षाही जास्त आहे. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर टायरची पकड इतके त्वरण देऊच शकत नाही, आणि गाडी वळण सोडून सरळ जाते. घाटातल्या पाटीवरचा आकडा या हिशेबातून आलेला असतो. ‘वेग’ शब्दातली दिशा विसरणाऱ्याला ती पाटी निव्वळ हुकूम वाटते.

पान चौथे : “लाईट गेली”

वहीतले हे सर्वांत महत्त्वाचे पान. ‘लाईट’ या शब्दाने आपल्याकडे किती कामे होतात, पाहा. ‘लाईट लाव’ म्हणजे दिवा. ‘लाईट गेली’ म्हणजे वीजपुरवठा. ‘लाईट कमी आहे’ म्हणजे विभवांतर, अर्थात व्होल्टेज. ‘लाईटबिल’ म्हणजे वापरलेली ऊर्जा. ‘मोटर किती पॉवरची?’ या प्रश्नात आणखी एक राशी येते, ती शक्ती.

आधी शक्ती आणि ऊर्जा यांचा हिशेब करू. एका शेतावर तीन अश्वशक्तीची मोटर आहे आणि शेजारच्या शेतावर पाच अश्वशक्तीची. दोन्ही पुऱ्या भाराने चालतात. जास्त वीज कोण वापरते? घाईने ‘पाचची’ असे उत्तर देऊ नका. तीनची मोटर सहा तास चालली आणि पाचची तीन तास, तर पहिलीचे १८ अश्वशक्ती-तास होतात आणि दुसरीचे १५. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्यामुळे पहिल्या मोटरने सुमारे १३.४ युनिट काम केले आणि दुसरीने सुमारे ११.२. (मोटरमध्ये काही ऊर्जा वाया जाते, म्हणून मीटरवरचा आकडा याहून थोडा जास्त असेल.) एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. शक्ती हा ऊर्जा वापरण्याचा दर. तिला वेळेने गुणल्याशिवाय ऊर्जा मिळत नाही. ‘मोटर मोठी म्हणजे खर्च मोठा’ हे वाक्य वेळ सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

पैशाची चूक पुढच्या महिन्यात भरून काढता येते. पुढची चूक मात्र भरून येत नाही. ‘लाईट गेलीय, तारेत करंट नाही, हात लावायला हरकत नाही,’ असे म्हणून वायर जोडायला बसणारा माणूस खेड्यापाड्यांत आपल्याला दिसतो. या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली गोष्ट, विद्युतधारा म्हणजे करंट. धारा वाहायला पूर्ण वाट लागते. दिव्याचे बटण बंद असताना बटणापर्यंतच्या तारेत खरोखरच करंट नसतो. तरीही त्या तारेवर २३० व्होल्टचे विभवांतर तयारच असते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने तिला स्पर्श केला की तुटलेली वाट त्याच्या शरीरातून पूर्ण होते. म्हणजे ‘तारेत करंट नाही’ हे वाक्य खरे असूनही तार जीवघेणी असू शकते! तीन फेजच्या मोटरला तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास विभवांतर असते.

दुसरी गोष्ट, वीजपुरवठा. तो ‘गेला’ याचा अर्थ तो कोणत्याही क्षणी परत येऊ शकतो. येण्यापूर्वी तो कोणाला विचारत नाही.

तिसरी गोष्ट, मंडल तोडणे, म्हणजे मुख्य बटण खाली ओढून किंवा फ्यूज काढून तार पुरवठ्यापासून वेगळी करणे. पुरवठा जाणे वीजकेंद्राच्या हातात असते. मंडल तोडणे आपल्या हातात असते. सुरक्षितता या तिसऱ्या गोष्टीपासून सुरू होते. त्यानंतरही योग्य परीक्षकाने तपासून मगच काम करायचे, आणि तेही जाणकार वायरमनने.

शरीरातून ३० मिलीअँपिअरपेक्षा जास्त धारा काही वेळ गेली तर ती जिवावर बेतू शकते. जुन्या ४० वॅटच्या बल्बमधून वाहणारी धारा सुमारे १७० मिलीअँपिअर असते. एक साधा बल्ब पेटवणारी धारा माणसाला पुरून उरते. ‘लाईट’ या एका शब्दाचे चार शब्द केले, तर त्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो. शब्दांची निवड ही केवळ निबंधाचे गुण वाढवणारी गोष्ट नव्हे, ती अशी.

पान पाचवे : “खोडदची दुर्बीण तारे ऐकते”

नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प उभा राहिला. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तेथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतली मुले ते पाहायला जातात.

‘रेडिओ’ म्हटले की आपल्याला आवाज आठवतो. त्यामुळे ही दुर्बीण आकाशातले आवाज टिपते, असा समज सहज होतो. पण आवाजाला वाहून न्यायला हवेसारखे माध्यम लागते, आणि तारे व आपण यांच्यामध्ये जवळजवळ पोकळी आहे. रेडिओ लहरी या प्रकाशाच्याच भावंडांपैकी आहेत. त्या पोकळीतून जातात आणि सेकंदाला तीन लाख किलोमीटर अंतर तोडतात. सूर्यावरून निघालेली रेडिओ लहर सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांत येथे पोहोचते. आवाजाला तो रस्ता मोकळा असता आणि सेकंदाला ३४० मीटर ही त्याची चाल कायम राहिली असती, तर त्याला सुमारे चौदा वर्षे लागली असती! घरातला रेडिओ आधी लहर पकडतो आणि मग तिच्यावरून आवाज तयार करतो. लहर वेगळी, आवाज वेगळा.

‘दुर्बीण’ हा शब्द मात्र येथे चपखल बसतो. तो फारसीतून आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. खोडदच्या तबकड्या लांबचे पाहतातच. फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींनी पाहतात.

शब्द कोणी ठरवले?

मराठीत शास्त्रीय शब्द घडवण्याचे काम पुष्कळांनी केले आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झाले आणि पुढे त्याने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. शब्द ठरवून घेण्याची ही परंपरा जुनी आहे. जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. आळे गावात ज्या रेड्याची समाधी दाखवतात, त्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा ज्ञानेश्वरांविषयी सांगितली जाते. त्या ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास गीतेचा अर्थ संस्कृतऐवजी मराठीत सांगितला. ज्ञान आपल्या शब्दांत मिळाले की त्याचा हक्क सर्वांना पोहोचतो.

ठरवलेले शब्द भाषेगणिक बदलतात, हेही ध्यानात ठेवा. मराठीत ‘अणू’ हा मूलद्रव्याचा लहानात लहान कण, आणि अणू एकत्र येऊन होतो तो ‘रेणू’. हिंदीत मात्र मराठीतल्या अणूला ‘परमाणु’ म्हणतात आणि मराठीतल्या रेणूला ‘अणु’! हिंदीतला ‘आवेश’ म्हणजे आपला विद्युतप्रभार. मराठीत आवेश वक्त्याला येतो. हिंदी पुस्तक वाचताना ही सावधगिरी बाळगली नाही, तर पाण्याच्या एका ‘अणु’त तीन अणू कसे, या कोड्यात तुम्ही पडाल.

शिक्षकांसाठी

रोजचे शब्द चुकीचे आहेत, असे मुलांना सांगू नये. ‘सूर्य उगवला’, ‘तारा तुटला’ असे खगोलशास्त्रज्ञही घरी म्हणतो. पृथ्वी फिरते आणि तुटणारा तारा म्हणजे हवेत जळणारी उल्का, हे त्याला ठाऊक असते इतकेच. मुलांनी वर्गात स्वतःची वाक्ये आणावीत आणि चौथा रकाना सर्वांनी मिळून भरावा. एखाद्या शब्दाचे एकक आणि मोजण्याची रीत सांगता आली, तर तो शब्द विज्ञानाच्या कामाचा झाला. सांगता आली नाही, तर त्या शब्दात एकाहून अधिक राशी लपल्या आहेत का, हे शोधावे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा या शोधात अधिक भौतिकशास्त्र आहे.

विचार करा

१. सकाळी हापशाचा लोखंडी दांडा लाकडी दारापेक्षा थंड लागतो. दोन्ही रात्रभर बाहेरच होते. तापमापी लावली तर काय दिसेल? मग हाताला फरक का जाणवतो?

२. डोक्यावर पाटी घेऊन बसथांब्यावर तासभर उभा राहिलेला हमाल थकतो. भौतिकशास्त्राच्या अर्थाने त्याने पाटीवर किती कार्य केले?

३. आळेफाट्याहून निघालेली एस.टी. कल्याणला जाऊन पुन्हा आळेफाट्याला आली. संपूर्ण प्रवासाची सरासरी चाल शून्य असेल का? सरासरी वेग?

४. ‘बॅटरीतला करंट संपला.’ बॅटरीतले नेमके काय संपले?

५. आठवडाभर घरात आणि बाजारात कान देऊन राहा. ज्याचा चौथा रकाना भरणे सर्वांत अवघड गेले, तो शब्द वर्गात सर्वांपुढे मांडा.